चाळीस बायका आणि एक बाक

दीपगृहाच्या फाटकावर बसणाऱ्या माणसाचा हुद्दा कागदोपत्री ‘फाटकरक्षक आणि मोजणीदार’ असा होता. त्यातल्या फाटकरक्षणाबद्दल न बोललेलं बरं. फाटकाची एक झडप गंजून कायमची उघडी राहिली होती आणि शेजारच्या भिंतीतल्या भगदाडातून शेळ्या खुशाल ये-जा करत. खरं काम मोजणीचं. फाटकाजवळच्या एवढ्याशा खोलीच्या खिडकीत एक फळी, फळीवर स्क्रूनं घट्ट बसवलेली चार मोजयंत्रं, प्रत्येकाला अंगठा मावेल एवढा खटका. पुरुष, बायका, ज्येष्ठ पुरुष, ज्येष्ठ बायका. माणूस आत आला की त्याचा खटका दाबायचा, टक. मुलं मोजायची नाहीत, कारण ती एका जागी उभी राहत नाहीत असं कधीकाळी कुणा साहेबानं ठरवून टाकलं होतं. सव्वीस वर्षं ही टकटक चालली आणि त्यापायी अख्खा गाव मोजणीदारांना ‘टकटककाका’ म्हणायला लागला. त्यांना ते आवडायचं नाही, पण हाक मारली की ओ द्यायचे.

माणूस म्हणून ते फार खोलात शिरणारे नव्हते, हे आधीच मान्य करून टाकू. पण मोजणीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा तीन बसगाड्या भरून सहल आली. सहलीचा म्होरक्या म्हणाला, आम्ही एकशे सत्तर. यांनी वहीत लिहिले एकशे एकोणसत्तर. म्होरक्या हुज्जत घालू लागला तेव्हा हे एवढंच म्हणाले, “एक जण गाडीत झोपलाय. तो इथे आला असेल, पण आत आलेला नाही.” जाऊन पाहिलं तर खरोखरच मागच्या बाकड्यावर एक गृहस्थ तोंड उघडं टाकून घोरत होते. जो फाटकातून आत आला तो आला, बाकीच्यांनी घरी बसावं, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

अशा माणसाला एका बुधवारी पर्यटन कार्यालयातून बोलावणं आलं.

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर. साहेब ‘या, बसा’ म्हणाले. एरवी साहेब कुणाला बसा म्हणत नसत, त्यामुळे मोजणीदार खुर्चीच्या कडेवरच टेकले. भिंतीवर मोठ्या पडद्यावर दीपगृहाच्या टेकडीचा नकाशा होता आणि त्यावर पिवळे-लाल डाग पसरले होते. पडद्याशेजारी लॅपटॉप घेऊन एक तरुण मुलगी उभी होती. ती फोन कंपनीकडून आली होती आणि कार्यालयात तिला सगळे ‘आकडेवाली’ म्हणत.

“काका, सोप्पंय,” ती म्हणाली, आणि तिथूनच अवघड सुरू झालं. “प्रत्येक मोबाइल जवळच्या टॉवरशी सारखा बोलत असतो. आपण गप्प असलो तरी तो बोलतो. आलो, आहे, निघालो. त्या नोंदी कंपनी आम्हाला देते, नावं आणि नंबर काढून. त्यावरून किती पाहुणे आले, कुठल्या गावचे, किती वेळ थांबले, सगळं कळतं.”

“आणि ज्याच्याकडे मोबाइल नाही तो?”

“त्याचा अंदाज धरतो.”

“अंदाज,” मोजणीदार म्हणाले. चारचौघांत शिवी ऐकावी तसा त्यांचा चेहरा झाला. “आणि समोरून फेरीबोट जाते, तिच्यातल्या माणसांचे फोन?”

आकडेवालीला हा प्रश्न आवडला. “अर्ध्या तासाच्या आत निघून गेलेले आम्ही गाळतो,” ती म्हणाली. मग तिनं गेल्या वर्षाची तुलना पडद्यावर आणली. एका बाजूला मोजणीदारांची वही, दुसऱ्या बाजूला फोन. पुरुष जवळजवळ सारखे. बायका सारख्या. ज्येष्ठ पुरुष सारखे. मोजणीदारांना जरा हायसं वाटलं. मग चौथी ओळ आली. ज्येष्ठ बायका, वहीप्रमाणे वर्षात नऊशे आठ. फोनप्रमाणे तेरा हजारांच्या वर.



“यातल्या बारा हजार एकशे साठ एकाच शहरातल्या आहेत,” आकडेवाली म्हणाली. तिनं शहराचं नाव घेतलं. मोजणीदारांची लेक लग्न होऊन तिथेच गेली होती, पार देशाच्या दुसऱ्या टोकाला. “वय एकसष्ट ते पासष्ट. रोज चाळीसजणी. सकाळी नऊच्या सुमाराला येतात, साडेपाचला जातात. सोमवारी येत नाहीत.”

“सोमवारी बंद असतं,” मोजणीदार यांत्रिकपणे म्हणाले.

“तेच तर,” साहेब म्हणाले. “म्हणजे बायकांना सुट्टीचा वारसुद्धा ठाऊक आहे. हा लाल डाग बघा. तुमच्या खोलीभोवतीच आहे. चाळीस बायका दिवसभर तुमच्या नाकासमोर बसतात आणि तुमच्या वहीत येतात तीन.”

मोजणीदार पडद्यावर आपली खोली शोधू लागले. साहेब तोवर खूश होऊन पुढे गेले होते. एवढ्या वयाच्या बायका एवढ्या लांबून येतात, दिवसभर थांबतात आणि त्यांना टेकायला जागा नाही. म्हणून त्यांनी ताबडतोब प्रस्ताव केला होता आणि तो मंजूरही झाला होता. फाटकाजवळ दगडी बाक आणि पलीकडे महिलांसाठी स्वच्छतागृह, पाण्यासकट.

इथे मात्र मोजणीदार खुर्चीतून अर्धे उठले. कारण या बाकासाठी त्यांनी स्वतः अकरा अर्ज केले होते. अकरा वेळा एकच उत्तर आलं होतं आणि ते त्यांना तोंडपाठ होतं. ‘आपल्याच मोजणीनुसार ज्येष्ठ महिलांची रोजची सरासरी तीन आहे. सबब तरतूद करता येत नाही.’

“आठ दिवसांत लेखी खुलासा द्या,” साहेब म्हणाले. “या बायका तुमच्या मोजणीतून कशा सुटल्या. समाधानकारक असेल तर ठीक. नाहीतर एक तारखेपासून हातमोजणी बंद करू. तुम्ही फाटकावर राहा, नोकरीला धक्का नाही. पण ती फळी इथे जमा करा. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं.”

नोकरीला धक्का नाही, हे ऐकून दुसरा कुणी असता तर पेढे वाटत सुटला असता. मोजणीदार जिना उतरले ते पायऱ्या मोजायलाच विसरले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बायका शोधायला सुरुवात केली. आधी खोलीच्या मागे. मग कड्याखालच्या खडकांत, जिथे शेळ्यांच्या लेंड्यांशिवाय काही नव्हतं. मग दीपगृहाच्या गोल जिन्यात, वर गच्चीपर्यंत, धापा टाकत. दर तासाला ते खोलीतून बाहेर येत, हातांची दुर्बीण करत आणि चारी दिशांना बघून परत आत जात. भगदाडातून येत असतील म्हणून तिथे त्यांनी दोरी बांधली. दोरीत एक शेळी अडकली, बाई एकही नाही.

मग त्यांना स्वतःच्या डोळ्यांचा संशय आला. ते चष्मेवाल्याकडे गेले. त्यानं लहान-मोठी अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, नजर ठणठणीत आहे. “लांबची बाई दिसेल ना मला, साठीची?” त्यांनी विचारलं. चष्मेवाल्यानं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि चष्म्याची पावती फाडून कचऱ्यात टाकली.

मग शेवटचा उपाय म्हणून फाटकातून येणाऱ्या प्रत्येक पिकल्या केसांच्या बाईला ते विचारू लागले, “आपण कुठल्या?” आणि पाठोपाठ, “वय काय आपलं?” तिसऱ्या दिवशी एका बाईंनी त्यांची लेखी तक्रार केली. सव्वीस वर्षांतली ही पहिली तक्रार होती आणि तीही कुणी बाई दिसली म्हणून झाली होती.

संध्याकाळी त्यांनी हा सगळा गोंधळ मेहुणीपुढे मांडला. मेहुणी म्हणजे बायकोची धाकटी बहीण, भिंतीला भिंत लागून राहणारी, शिलाईकाम करणारी. शिवण चालू ठेवूनच ती सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि उत्तर बहुधा तोंडातल्या टाचण्या न काढताच द्यायची.

“चाळीस बायका,” ती म्हणाली. “दिवसभर एका जागी. आणि तुम्हाला आवाज आला नाही?”

“नाही.”

“मग तिथेच कळायला हवं होतं, दाजी.”

“चेष्टा करू नकोस. यंत्र खोटं कशाला बोलेल? त्याला माझ्याशी काय वैर आहे?”

“यंत्र खोटं बोलत नाही, तुम्ही खोटं बोलत नाही. मग त्या बायका काय हवा खाऊन, हवेत बसून असतात?” तिनं कापड फिरवलं. “ताई असती तर तिनं एका दिवसात हुडकून काढल्या असत्या. वर त्यांना पाणीही पाजलं असतं.”

ताई म्हणजे मोजणीदारांची बायको.

तिच्याबद्दल सांगायलाच हवं. रस्त्यापासून फाटकापर्यंत एकशे दोन पायऱ्या. वीस वर्षं ती दुपारी डबा घेऊन त्या चढून यायची. खोलीत एकच स्टूल, त्यावर मोजणीदार. दुपारी गर्दी असल्यानं त्यांना उठता यायचं नाही. मग ती फाटकाबाहेरच्या शेवटच्या पायरीवर बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय चुकवत, आणि डबा रिकामा झाला की उतरायची. पन्नाशीनंतर तिचे गुडघे कुरकुरू लागले. बाकाचे अकरा अर्ज त्यानंतरचे. साठ पुरी झाली त्या दिवशी ती खिडकीशी येऊन म्हणाली होती, “आजपासून मी चौथ्या खटक्यावर. दाबा की एकदा.”

“नियमात बसत नाही,” मोजणीदार म्हणाले होते. खोलीच्या भिंतीवर नियमावली डकवलेली होती आणि तिच्यात सातवा नियम होता, की कर्मचारी आणि त्यांच्या घरची माणसं मोजू नयेत.

“तुमच्या नियमाला गुडघे नाहीत,” असं म्हणून ती पायरीवर जाऊन बसली होती. रागावून नाही, नेहमीसारखीच.

त्याच वर्षी ती लेकीच्या बाळंतपणाला तिकडे गेली आणि सहा महिने राहिली. एकसष्टाव्या वर्षी, परत आल्यावर काही महिन्यांतच, तीन दिवसांच्या आजारपणात गेली. त्याला आता चार वर्षं झाली होती.

आठातले पाच दिवस संपले तरी खुलाशाचा कागद कोराच होता. सहाव्या दिवशी दुपारी आकडेवाली स्वतःच पायऱ्या चढून आली. धापा टाकत तिनं इकडेतिकडे पाहिलं, बसायला काही दिसलं नाही, म्हणून ती शेवटच्या पायरीवर बसली.

“काका, मला झोप नाही,” ती म्हणाली. “तुमचे बाकीचे तीन आकडे इतके जुळतात की चौथा चुकेल असं वाटत नाही. आणि माझाही चुकायला नको. मला काही कळत नाहीये.”

मोजणीदारांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाचा तरी आधार वाटला. त्यांनी खिडकीतून पाण्याची बाटली दिली आणि सहा दिवस मनात घोळत असलेला प्रश्न विचारला. “या बायका आहेत, हे फोनला कळतं कसं?”

“नंबर घेताना आपण फॉर्म भरतो ना, त्यावर असतं. बाई की पुरुष, जन्मतारीख, पत्ता.”

“म्हणजे फोन कुणाच्या खिशात आहे ते…”

“ते नाही कळत. फॉर्म कसा भरलाय तेवढंच. तेही आम्हाला नाव दिसत नाही. आणि फोनची खूण रोज सकाळी बदलतात, म्हणजे कुणी एका माणसाच्या मागावर राहू नये. कालचा फोन आणि आजचा फोन एकच आहे का, हे मला कधीच कळणार नाही.”

“बरं. आणि रोज चाळीस फोन दिसतात?”

“छे, चाळीस कुठले. त्या शहरातल्या त्या वयाच्या बायकांचे आमच्याकडे फोनच थोडे. म्हणून एक दिसला की तो चाळीसजणींच्या वतीनं आलाय असं धरायचं. वजन म्हणतो आम्ही त्याला.”

“म्हणजे रोज एकच फोन.”

आकडेवालीनं बाटलीचं झाकण लावता लावता हात थांबवला. “हो,” ती म्हणाली. “रोज एक.”

मोजणीदारांनी पेन उचललं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर बारा हजार एकशे साठ लिहिलं आणि त्याला चाळीसनं भागलं. तीनशे चार आले. मग त्यांनी हजेरीपट काढला. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट. त्यातून बावन्न सोमवार वजा. उरले तीनशे तेरा. फेब्रुवारीत ते तापानं नऊ दिवस घरी पडून होते आणि बदलीचा माणूस बसला होता. ते नऊ गेले. तीनशे चार. त्यांनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा बोटांवर मोजलं. मग ते फळीच्या शेवटी, चौथ्या मोजयंत्राला टेकून ठेवलेल्या फोनकडे बघत राहिले.

तो फोन त्यांचा नव्हता. त्यांचा स्वतःचा फोन चार वर्षांपूर्वी कड्यावरून समुद्राला मिळाला होता आणि त्याच सुमारास घरात एक फोन रिकामा पडला होता. बाळंतपणाला गेली तेव्हा लेकीनं आईला तिकडेच घेऊन दिलेला. फॉर्म आईच्या नावावर, पत्ता लेकीच्या घरचा. तिच्या पश्चात हे तो वापरत होते आणि रिचार्ज लेक तिकडून करत होती. यांनी फोन लावला की लेकीच्या फोनवर अजून ‘आई’ असंच उमटायचं. तिनं ते बदललं नव्हतं आणि यांनी बदल म्हटलं नव्हतं.

“हा बघ,” मोजणीदार म्हणाले आणि फोन खिडकीतून पुढे केला. “बायकोच्या नावावर आहे. पत्ता तिथला. रोज नऊ ते साडेपाच इथे असतो.”

आकडेवालीनं फोन हातात घेतला, उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. “मग काकू कुठे असतात?”

“चार वर्षं झाली तिला जाऊन.”

“पण इथे तर त्या पासष्ट वर्षांच्या आहेत,” ती बोलून गेली आणि लगेच तिनं ओठ चावला.

मोजणीदारांना राग नाही आला. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला. एकसष्ट आणि चार, पासष्ट. बरोबर होतं. एवढी वर्षं त्यांच्या मनात ती एकसष्टावरच थांबलेली होती. कुठल्यातरी कागदावर तिला वर्षं लागत होती हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्यांना गलबलून आलं आणि त्याच वेळी आपण हसावं की काय, हेही कळेना.

“मला हा एक फोन काढता येणार नाही, काका,” थोड्या वेळानं आकडेवाली म्हणाली. “एकेका फोनबद्दल बोलायला आम्हाला बंदी आहे. तुम्हीच लिहून द्या. साहेब ठरवतील.”

“लिहून दिलं तर माझी फळी राहील.”

“राहील.”

“आणि बाक?”

“चाळीसजणी गेल्या तर बाक कुणासाठी?” ती म्हणाली. पायरी तापली होती, म्हणून ती उठून उभी राहिली.

त्या संध्याकाळी मोजणीदारांनी खुलासा लिहिला. दोन पानं. सगळं खरं, तारखांसकट. मेहुणीला वाचून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत होती आणि मशीन बंद होतं, हे विशेष.

“ताईनं वीस वर्षं पायरीवर बसून काढली,” ती म्हणाली. तोंडात एकही टाचणी नव्हती. “तिच्या नावानं एक बाक आला तर कुणाचं काय बिघडतं?”

“खोट्या आकड्यावर आलेला बाक आहे तो.”

“आणि तुमच्या खऱ्या आकड्यावर अकरा वेळा आला नाही तो? त्या आकड्यात होती का ती?”

 मोजणीदारांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. खरं सांगायचं तर त्यांची पार त्रेधा उडाली होती. खरं लिहावं तर बाक जातो. गप्प बसावं तर सव्वीस वर्षांची मोजणी खोटी पडते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, ती मोजणी पूर्ण खरी होती का, हाच प्रश्न आता पहिल्यांदा पडला होता. सातव्या दिवशी त्यांनी खटके दाबले, पण कितींदा दाबले ते वहीत बघावं लागलं.

आठव्या दिवशी ते दोन पानं घेऊन कार्यालयात गेले. साहेबांनी वाचलं. परत वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

“म्हणजे या बारा हजार बायका,” साहेब म्हणाले, “म्हणजे तुमची…”

“एकटीच आहे, साहेब.”

“आणि त्या…”

“नाही आता.”

“पण फोन आहे.”

“फोन आहे.”

साहेबांनी कपाळ चोळलं. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याच्या टेबलावर असा कागद कधी आला नव्हता. “हे मी वर कसं पाठवू? अहवाल पुढे गेलाय. बाकाचा दगड कापून झालाय. आणि एकेका फोनबद्दल कागदावर काही येता कामा नये, असा करार आहे. तुम्ही दुसरा खुलासा लिहा. एका ओळीचा. समजा, नजरचूक झाली.”

“नजर ठणठणीत आहे. तपासून घेतली.”

“मग जे खरं आहे तेच लिहा, पण थोडक्यात.”

मोजणीदार समोरच्या खुर्चीत बसले. पेन हातात घेऊन बराच वेळ बसले. मेहुणीचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. मग त्यांनी एक ओळ लिहिली. ‘ज्येष्ठ महिला या रकान्यात मोजणीदाराकडून एक महिला नियमावर बोट ठेवून मोजायची राहून गेली, चूक मोजणीदाराची आहे.’ त्यांनी ती मनाशी वाचून पाहिली. तीत एकही खोटा शब्द सापडला नाही. खाली सही केली.

“एक?” साहेबांनी विचारलं.

“एकच.”

“एका महिलेनं बारा हजारांचा खुलासा होत नाही हो,” साहेब हळू आवाजात म्हणाले. “फळी जमा करावी लागेल.”

“होय,” मोजणीदार म्हणाले.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी त्यांनी स्क्रू काढायला घेतले. तीन मोजयंत्रांचे खटके अंगठ्यानं घासून गुळगुळीत झाले होते. चौथ्याचा रंग बराचसा शाबूत होता. त्यांनी त्यावर अंगठा ठेवला. एकदा दाबावं असं फार मनात आलं. पण त्या घडीला फाटकातून कुणीही आत येत नव्हतं, म्हणून त्यांनी अंगठा उचलला आणि फळी वर्तमानपत्रात गुंडाळली.

बाक आला. कुणी वरिष्ठ येऊन त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. पाठ टेकायला सोय असलेला, समुद्राकडे तोंड केलेला, शेवटच्या पायरीपासून चार पावलांवर. स्वच्छतागृह झालं, त्यात पाणीही आलं. खरोखरच्या म्हाताऱ्या बायका, रोज तीन-चार, तिथे बसू लागल्या आणि उठता उठता मोजणीदारांना म्हणू लागल्या, बरं झालं हो, सोय केलीत. दुपारी खोलीत बसण्याचं आता काही कारण नव्हतं. मग तेही डबा घेऊन बाकाच्या एका कडेला बसू लागले आणि फोन शेजारी ठेवू लागले. लेकीनं दोनदा विचारलं, बाबा, तुमच्या नावानं नवा नंबर घेऊ का? ते म्हणाले, राहू दे, हाच बरा चालतो.

पुढच्या वर्षी एका दुपारी आकडेवाली पायऱ्या चढून आली. हातात नवा अहवाल होता.

“साहेब बदललेत, काका,” ती म्हणाली. “नवे साहेब चक्रावून गेलेत. त्या चाळीस बायका गेल्या महिन्यात एका दिवसात नाहीशा झाल्या. एकसष्ट ते पासष्टमध्ये एकदम शून्य. आणि त्याच दिवसापासून पुढच्या गटात, सहासष्ट ते सत्तरमध्ये, त्याच शहरातल्या नव्या चाळीसजणी. मला विचारतात, त्या कुठे गेल्या आणि या कोण?”

“कितवी तारीख?”

“अकरा.”

मोजणीदारांचा घास हातातच राहिला. अकरा तारीख येऊन गेली होती आणि त्यांना आठवण झाली नव्हती. त्या दिवशी ते इथेच बसले होते, याच जागी, दिवसभर.

“तिचा वाढदिवस असतो अकराला,” ते म्हणाले.

आकडेवाली उभीच होती. “साहेबांना मी काय सांगू?”

त्यांनी फोन उचलून मांडीवर घेतला, सरकून तिच्यासाठी जागा केली आणि ती बसेपर्यंत थांबले.

“सांग, त्याच आहेत,” ते म्हणाले. “एक वर्षानं मोठ्या झाल्या.”